फुलीचं अंडं

बाथरूममधून ती बाहेर आली आणि स्वयंपाकघरात कुणीतरी अंडं फोडलं. आवाज बारीकच होता, भांड्याच्या कडेवर कवच आपटल्याचा, पण ती केस पुसता पुसता थांबली. या घरात तो आवाज आजवर फक्त तिच्या हातून निघाला होता, आणि ती तर इथे पायपुसण्यावर ओल्या पायांनी उभी होती. चोर शिरला असता तरी तिला इतकं चमत्कारिक वाटलं नसतं; चोर निदान नाश्त्याला थांबत नाहीत. तिनं डोकावून बघितलं. नवरा कमरेला टॉवेल गुंडाळून गॅससमोर उभा होता. मिठाच्या बरणीला टेकवून मोबाइल ठेवलेला, मोबाइलमध्ये एक टकला माणूस हातवारे करून अंड्यांविषयी बोलत होता, आणि नवरा त्याच्याकडे इतक्या आदरानं बघत होता की तेवढ्या आदरानं त्यानं स्वतःच्या लग्नातही कुणाकडे बघितलं नव्हतं.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"हाफ-फ्राय," तो मान न वळवता म्हणाला. "आच मंद ठेवायची, कडेनं चमचाभर पाणी सोडायचं आणि वर झाकण. वरची बाजू वाफेवर शिजते. पलटावं लागत नाही."

"मी इतकी वर्षं पलटतेच आहे."

"हो ना," तो म्हणाला, "म्हणून फुटतं ते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं तिथल्या तिथे व्याजासकट परत केला असता. त्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण त्यानं नुसती बघितलेली गोष्ट सांगितली होती, आणि ती खरी होती. ती खोलीत गेली, कपाट उघडलं आणि काय घ्यायला उघडलं ते न आठवून तशीच उभी राहिली.

लोकांसमोर ती त्याला 'हे' म्हणायची, तोंडावर 'अहो', आणि मनात नुसतं 'हा'. हा म्हणजे पलंगावर ओला टॉवेल टाकणारा. हा म्हणजे डोळ्यांसमोरची साखर न सापडणारा. हा म्हणजे ती तापानं फणफणली असताना दुधात ब्रेड बुडवून खाऊन, वाटी तशीच ठेवून, आपण किती समजूतदारपणे वागलो या समाधानात घोरायला लागणारा. इमारती बांधणाऱ्यांच्या एका ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता. उंच स्टुलावर बसून त्यानं जन्मभर लोकांची स्वयंपाकघरं आखली. ओटा कुठे, सिंक कुठे, खिडकी कुठे, सगळं कसं सुतात. स्वतःच्या स्वयंपाकघरात लायटर कुठे असतो हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, त्याचं टेबल उचलून तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवलं, आणि एक दिवस भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून हातात देऊन त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो खिडकीशी बसून ब्लेडनं पेन्सिली तासायचा. कागदावर काढायचं काही नसे, नुसतं टोक करायचं. तिला त्या टोकांचा मनस्वी राग यायचा. माणसानं काही घडवलं नाही तर निदान बिघडवावं तरी. हा मेला बिघडवतही नव्हता.

आणि गंमत अशी की तिचं सगळं त्याच्या या निरुपयोगीपणावरच तर चाललं होतं. "आमच्या यांना साधं अंडं उकडता येत नाही" हे तिचं वाक्य हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होतं. ती तिथली सर्वांत जुनी टेक्निशियन. वाक्य म्हणायची तिची एक पद्धत होती: आधी उसासा, मग अर्धं हसू, मग खांदे किंचित उडवायचे. लॅबमधल्या बायका मनापासून हसायच्या, कारण प्रत्येकीच्या घरी तसला एकेक नमुना होताच. बाहेरगावच्या ट्रेनिंगला, मोठ्या जबाबदारीला, बदलीला, सगळ्याला तिनं आजवर नाही म्हटलं होतं. आधी मुलीची परीक्षा असायची. मग सासूबाईंचा गुडघा होता. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, सासूबाई गुडघ्यासकट देवाघरी गेल्या, आणि मग कारण म्हणून अंडं तेवढं उरलं. ते तिला जन्माला पुरेल असं वाटत होतं. नवरा काही सुधारणाऱ्यातला नव्हता.

तेवढ्यात ही नव्या लॅबची भानगड निघाली. हॉस्पिटलची दुसऱ्या शहरात लॅब उघडणार होती आणि मोठ्या डॉक्टरांना तिथे प्रमुख म्हणून तीच हवी होती. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, चहा मागवून सांगितलं. राहायला फ्लॅट, पगारात चांगली वाढ, हाताखाली माणसं, आणि दारावर तिच्या नावाची पाटी. "दुसऱ्या कुणाच्या हातात दिली तर महिन्यात वाट लागेल, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "विचार करा. येत्या रविवारी दुपारी मी फोन करतो, सोमवारी मला नाव वर द्यायचंय. या वेळी नाही म्हणालात तर पुन्हा नाही विचारणार." तिनं उसासा टाकला, अर्धी हसली आणि वाक्य म्हटलं. डॉक्टरही हसले, पण त्यांनी डोळे काही तिच्यावरून काढले नाहीत. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी नवऱ्यानं कमरेला टॉवेल गुंडाळला. तिला वाटलं, हा मुलीचा उद्योग. तिनंच त्या टकल्याचे व्हिडिओ पाठवले असणार. बापाला कामाला लावायचं म्हणून.

लॅबमध्ये त्या दिवशी तिनं तीन जणांना झापलं. एकाचा सँपल गोठला होता, एकीनं नळीवर नंबर चुकीचा घातला होता, तिसऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं पण तो हसत होता. नळीवर नंबर घालणं तिला नव्या मुलींना अजूनही हाताला धरून शिकवावं लागायचं. काच गोल, काचेवर लिहायची पेन्सिल घसरते, पोरींचे आकडे दारू प्यायल्यासारखे डुलतात. तिचा आकडा छापल्यासारखा उमटायचा. नळी चिमटीत धरायची, हात हलवायचा नाही, नळी फिरवायची. ही साधी गोष्ट या शिकलेल्या मुलींना जमत नाही याचा तिला आतून आनंद व्हायचा. तिला दुसऱ्यांना न जमणाऱ्या गोष्टींचा एकूणच फार आधार होता. डॉक्टरांना अक्षर काढता येत नाही, नव्या मुलींना नंबर घालता येत नाही, नणंदेला दोन माणसांचा स्वयंपाक वेळेत होत नाही, आणि नवऱ्याला तर विचारायलाच नको. या सगळ्यांच्या मधोमध ती ताठ उभी होती. पण दुपारी डबा उघडून एकटी बसली असताना तिनं तो न खाताच बंद केला.

घरी रोज सकाळी नवा प्रयोग होता. तो अंड्यांकडे नकाशाकडे बघावं तसा बघायचा. आधी सगळं मांडून घ्यायचं, मग हात लावायचा. बिनकवचाचं, पाण्यात सोडायचं अंडं पहिल्या दिवशी इतकं फिस्कटलं की पातेल्यात भिजलेली चिंधी तरंगावी तसं दिसलं, आणि तिनं लॅबला जाताना पायऱ्या उतरता उतरता मनसोक्त हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याला उकळी फुटू दिली नाही. तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागल्यावर त्यात थोडं व्हिनेगर घातलं, चमच्यानं पाणी गोल फिरवलं आणि वाटीत फोडून ठेवलेलं अंडं अगदी पाण्याजवळ नेऊन अलगद सोडलं. पांढरं स्वतःभोवती गुंडाळत गेलं. झाऱ्यानं उचलून त्यानं ते तिच्या ब्रेडवर ठेवलं, सुरीचं टोक लावलं आणि आतून पिवळं सावकाश वाहिलं. "कच्चं आहे," ती म्हणाली. "नाही," तो म्हणाला, "असंच असतं ते." तिनं ताटली त्याच्याकडे सरकवली, नुसता ब्रेड खाल्ला आणि बसस्टॉपवर उभं राहून स्वतःच्याच भुकेवर चिडत राहिली.

मग त्यानं लोणी घालून अंडं ढवळायला घेतलं, अगदी बारीक गॅसवर, चमचा थांबू न देता. अजून ओलसर असतानाच त्यानं ते खाली उतरवलं तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. "शिजवा तरी धड." तो म्हणाला, "उतरवल्यावरही ते शिजतंच. तवा तापलेला असतो ना. पूर्ण होईपर्यंत ठेवलं की कोरडं पडतं." तिच्या हातचं ढवळलेलं अंडं म्हणजे भुगा असायचा, आणि घरातल्या सगळ्यांनी तो भुगा इतकी वर्षं निमूटपणे खाल्ला होता. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला वाईट वाटण्याऐवजी रागच आला. एवढ्याशा गोष्टीत हा माणूस रमतो कसा, इथून तिथून सगळा वेळ मोकळा असला की कुणीही शहाणा होईल, तिला कुठे होता वेळ, गॅसवर अंडी चढवून ती अंघोळीला पळायची, परत येईपर्यंत पाणी आटून अंडी तडकलेली असायची, पिवळ्याभोवती हिरवट कड धरलेली, तीच सोलून डब्यात भरायची आणि धावत सुटायची. मनातल्या मनात ती ही कैफियत कितीतरी वेळा म्हणायची. समोर ऐकायला कुणी नव्हतं, कारण कुणी आरोपच केला नव्हता.

कौतुकाला मात्र उधाण आलं होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबा कसले भारी झालेत." नणंद म्हणाली, "वहिनी, आमचा दादा म्हणे अंड्यांचे प्रकार करतो? आम्हाला बोलव की." तिनं जन्मभर दोन्ही वेळचं रांधलं त्याची कधी फोनवर बातमी झाली नव्हती. यानं चार अंडी फोडली तर आख्खं खानदान टाळ्या पिटायला हजर. "या ना, रविवारी सकाळी या," ती नणंदेला गोड आवाजात म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर ओट्यापाशी जाऊन, तो पाठमोरा असताना, तिनं तव्याखालचा गॅस मोठा केला. का केला ते तिला कळलं नाही. हात आपला गेला आणि बटण फिरवून आला. तो वळला, करपल्याचा वास घेतला आणि गॅस पुन्हा बारीक केला. "माझंच लक्ष नव्हतं," तो म्हणाला. तिला क्षणभर स्वतःचीच किळस आली. पण क्षणभरच.

तो रोज काहीतरी शिकत होता आणि रविवार जवळ येत होता. लॅबच्या जिन्यात, बसमध्ये, कपडे वाळत घालताना तिला मधूनच एक जुनी गोष्ट आठवायची. फार पूर्वी, सगळ्याला नाही म्हणायला लागण्याआधी, एका ट्रेनिंगला तिला जावंच लागलं होतं. हॉटेलची खोली, पांढऱ्या चादरी, दाराची अडून बसणारी कडी. खाली जेवणाचा मोठा हॉल होता, आणि त्या हॉलमध्ये एकटीनं जाऊन, एकटीनं टेबल निवडून, वेटरला काहीतरी सांगून, लोकांच्या नजरेत बसून जेवायचं या विचारानंच ती जिन्यातून परत वर आली होती. ती रात्रभर पर्समधल्या बिस्किटांवर राहिली. सकाळी वर्गात तिला प्रश्न विचारला तेव्हा उत्तर येत असून तोंडातून शब्द फुटला नाही. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, तिच्या आधी चूक करणारं कुणी नव्हतं. परत आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं की नवऱ्याचे खाण्याचे इतके हाल झाले की पुन्हा म्हणून जाणार नाही. नवऱ्यानं ते ऐकलं होतं. त्या दिवसांत तो रोज आपल्या बहिणीकडे व्यवस्थित जेवत होता. पण तो काही बोलला नव्हता. तिला तेव्हा वाटलं, याला बोलायची अक्कल नाही. हॉटेलमधली ती रात्र तिनं तिथेच पुरून टाकली होती, आणि ती अशी आता वर येत होती.

शनिवारी संध्याकाळी त्यानं रविवारसाठी अंडी उकडली. उकडलेलं अंडं सगळ्यांत सोपं म्हणतात, तो म्हणाला, आणि तेच सगळे बिघडवतात. गार पाण्यात अंडी ठेवायची, उकळी आली की गॅस बंद करून झाकण घालायचं, थोड्या वेळानं काढून थेट गार पाण्यात टाकायची, म्हणजे आतलं शिजणं थांबतं आणि कवच सुटतं. सोलायचं रुंद बाजूनं. तिथे हवेची पोकळी असते. ती भाजी निवडत होती, ऐकत नसल्याचं दाखवत होती आणि शब्द न् शब्द ऐकत होती. अंडी पुसून त्यानं पेन्सिल घेतली आणि एकेका अंड्यावर बारीक फुली काढली. "फ्रिजच्या दारात कच्च्यांबरोबर ठेवायची ना. फिरवून बघितलं तरी कळतं म्हणा, उकडलेलं भिंगरीसारखं फिरतं, कच्चं डुगडुगतं. पण खूण केलेली बरी." निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा त्या पेन्सिलीला काम मिळालं होतं. त्याचा चेहरा इतका सुखी दिसत होता की तिला तो बघवेना.

रविवारी ती नेहमीसारखी त्याच्या आधी उठली. उजाडलं होतं. चहाचं आधण ठेवून तिनं फ्रिज उघडला, आणि मग सगळं इतक्या सहजपणे झालं, जणू ती झोपेतच त्याची तयारी करून उठली होती. दारातलं एक कच्चं अंडं तिनं उचललं, खिडकीतली पेन्सिल घेतली, अंडं चिमटीत धरलं, हात स्थिर ठेवून अंडं फिरवलं आणि फुली काढली. ते इतर फुल्यांमध्ये ठेवलं आणि त्यांच्यातलं एक काढून घेतलं. आता याचं काय करायचं? तिनं ते ओट्याच्या कडेवर फोडलं, रुंद बाजूनं, आणि सोललं. कवच दोन तुकड्यांत निघालं. तिनं उभ्या उभ्या चावा घेतला. पिवळं मऊ होतं, मधोमध जरासं ओलसर, कुठेही हिरवी कड नाही. अंडं असं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं. राग आणि भूक दोन्ही एकदम आली आणि तिनं ते दोन घासांत, मिठाशिवाय, चोरासारखं संपवलं. कवच कचऱ्यातल्या कालच्या चहाच्या चोथ्याखाली दाबलं, हात धुतले. मग तिला हसू फुटलं. काय होणार होतं फार तर? फार तर ताटलीत बलक सांडेल, नणंद म्हणेल, दादा, तुला अजून उकडता येत नाही की रे. आणि तीच तर बातमी तिला दुपारच्या फोनपर्यंत हवी होती.

नणंद आली ती थाटात, हातात फुलं घेऊन, अंड्यांना फुलं आणणारी बाई ती. मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. फोन बरणीला टेकवून टेबलावर ठेवला होता. नवऱ्यानं टोस्ट केले, टोमॅटो कापले, मीठ आणि मिरपूड वेगवेगळ्या बशांत काढली, आणि फुलीची अंडी एका वाडग्यात मांडून आणली. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. "दादा, आठवतं का रे," नणंद म्हणाली, "लहानपणी उकडलेलं अंडं कपाळावर फोडायचास तू. आई ओरडायची." मुलगी फोनमधून किंचाळली, "काय सांगतेस आत्या? बाबा?" "हो तर. ज्याचं आधी फुटेल तो हरला. नेहमी मीच हरायचे." नवरा लाजला. या वयात, इस्त्रीच्या शर्टात, तो खरोखर लाजला, आणि मुलगी म्हणायला लागली, बाबा फोडा ना, बाबा, माझ्यासाठी. त्यानं वाडग्यातून एक अंडं उचललं. ती समोरच बसली होती. कुठलं उचललंय हे तिला ओळखू आलं. ती 'थांबा' म्हणू शकली असती; तेवढा वेळ होता. तिनं मिरपुडीची बशी थोडी उजवीकडे सरकवली.

त्यानं अंडं कपाळावर आपटलं, मुलं आपटतात तसं, जोरात. बलक भुवईवरून चष्म्यावर आला, चष्म्यावरून गालावर, गालावरून इस्त्रीच्या कॉलरवर. मग नणंद हसायला लागली, इतकी की टेबलाला धरून वाकली. मुलगी फोनमध्ये हसत होती, कुणालातरी हाक मारून बोलावत होती, बघ बघ म्हणत होती. आणि तिला आनंद झाला. लाज नाही, दया नाही, सरळसरळ आनंद. इतका की तोंडावर हात ठेवावा लागला. तो हसला नाही, चिडलाही नाही. चष्मा काढून सिंकपाशी गेला, तोंड धुतलं, चष्मा धुतला, टॉवेलनं पुसला आणि परत येऊन टेबलावरचे कवचाचे तुकडे वेचायला लागला. फुलीचा तुकडा हातात आला तेव्हा त्यानं चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ नेला. "तुझी खूण चुकली रे दादा," नणंद डोळे पुसत म्हणाली. तो तुकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "हो," तो म्हणाला, "चुकलीच." मग त्यानं उरलेली अंडी एकेक फिरवून बघितली आणि सोलून सगळ्यांना वाढली. ती चांगली झाली होती. नणंदेनं दोन खाल्ली.

मुलीनं फोन ठेवला, नणंद गेली. ती टेबल आवरत होती. तो दारात उभा राहिला.

"फुली तू काढलीस," तो म्हणाला.

"मी? मला काय दुसरे उद्योग नाहीत? तुम्हीच विसरला असाल, कच्च्यावर पण काढली असेल."

"माझी रेघ अंड्यावर थरथरते. जन्मभर सपाट कागदावर काढली, गोलावर हात बसत नाही माझा. बाकीच्या सगळ्या फुल्या वाकड्या आहेत. ही सरळ होती." त्यानं तिच्या बोटांकडे बघितलं. "तुझा हात नळ्यांवर बसलाय."

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. इतरांच्या चुका पकडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि ती पकडली गेली कशात, तर एक काम फार चांगलं केलं म्हणून. "गंमत केली," ती म्हणाली. "एवढं काय त्यात? तुम्हीही चार दिवसांत डोक्यावर बसलात सगळ्यांच्या. अंडी तर उकडताय, दिवे लावल्यासारखं काय?"

"मोठे डॉक्टर भेटले होते मला," तो म्हणाला, जणू तिनं काही म्हटलंच नव्हतं. "बँकेत, रांगेत. म्हणाले, अहो, जरा अंडं उकडायला शिका, आमची लॅब अडलीये तुमच्या नाश्त्यापायी. रांगेतले लोक हसले. मीही हसलो. घरी येताना अंडी घेऊन आलो." तो बोलताना आवाज चढवत नव्हता, आणि त्यामुळे तिला मध्ये तोंड घालायला जागाच सापडत नव्हती. "मला वाटलं, तुला जायचंय. इतकी वर्षं मला खरंच वाटत आलं की तुला जायचं असतं आणि मी आडवा येतो. रात्री झोप लागायची नाही मला त्यापायी. म्हटलं, चला, एवढं तरी करू. आणि तू कच्च्यावर फुली काढलीस."

"मग? काय म्हणायचंय काय तुम्हाला?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुला घाबरायला होतं एवढं मला कधी सांगितलं असतंस तर मी कुणाला बोललो नसतो."

आणि त्यानं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. रागाशी भांडता येतं. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, सावकाश, आणि नजर काढून घेतली, कारण बघण्यासारखं आणखी काही नव्हतं. ही नजर तिला नीट ओळखू आली. गेली कित्येक वर्षं ती जेवणाच्या टेबलावर त्याच्याकडे असंच बघत आली होती. दुसऱ्या बाजूनं ती नजर कशी दिसते हे तिला आज कळलं. तिला खुर्ची ओढून बसावंसं वाटलं, पण त्याच्यासमोर बसायचं नव्हतं, म्हणून ती टेबलाची कड धरून उभी राहिली. तो सिंकपाशी गेला आणि वाडगा घासायला लागला.

फोन वाजला. मोठ्या डॉक्टरांचा होता; माणूस वेळेचा पक्का.

"काय मग मॅडम, ठरलं का?" ते म्हणाले. "का अजून मिस्टरांची अंडी कच्चीच?" आणि हसले.

नवऱ्यानं नळ बंद केला. तो पाठमोरा होता. तिचं वाक्य जिभेच्या टोकावर आलं, उसाशासकट. किती लोकांसमोर म्हटलं होतं ते तिनं, कितीदा. पण त्याच्यासमोर एकदाही नाही. आता म्हटलं तर तो ऐकेल, वळणार नाही, काही बोलणार नाही, आणि मग या घरात त्याच्याबरोबर उरलेलं आयुष्य त्या नजरेखाली काढायचं. खरं सांगावं? मला भीती वाटते, डॉक्टर, मला एकटीला जेवायला बसता येत नाही. तेही तो ऐकेल. ते तर त्याला आधीच ठाऊक होतं. छे, ते सुख ती त्याला देणार नव्हती. याच्यापुढे रडायचं? याच्यापुढे? तिची मान आपोआप ताठ झाली.

"येते मी," ती म्हणाली. "नाव द्या माझं."

डॉक्टरांनी "वा" म्हटलं आणि पुढचं भराभर सांगायला घेतलं, फ्लॅट कुठे, किल्ली कुणाकडे, पहिल्या तारखेला हजर व्हायचं वगैरे. ती वळून स्वयंपाकघराकडे बघत होती. तिला आपल्या बोलण्याचा परिणाम बघायचा होता. हात थबकला असेल. आता येईल दारात, काहीतरी पुटपुटेल, इतक्या लवकर का, मी एकटा कसा राहू, असलं काहीतरी. आणि ती त्याला हातानंच गप्प करेल, फोन चालू आहे म्हणून. तो आला नाही. त्याचे खांदे मात्र हळूहळू खाली आले. इतकी वर्षं तिला वाटायचं, याचे खांदे मुळातच असे आवळलेले आहेत, स्टुलावर बसून बसून तसे झालेत. ते खाली आले, सैल पडले, आणि पाठमोरा माणूस एकदम कुणीतरी दुसराच वाटायला लागला, तिच्याहून तरुण. त्यानं नळ पुन्हा सुरू केला. मग पाण्याच्या आवाजातून ते गुणगुणणं आलं. अगदी हळू, बेसूर, कुठल्याशा गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा. तिला खिजवायला नव्हतं ते. खिजवायला असतं तर तिला कळलं असतं. आपण गुणगुणतोय हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"ऐकताय ना, मॅडम?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली.